जोरावरसिंग कहलुरिया : लडाख, बाल्टिस्तान, तिबेट (१८३४ ते १८४१)

घाटमाथा

जम्मूच्या गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग, त्याचं नाव निघालं की कुणीतरी लगेच 'भारताचा नेपोलियन' हे बिरुद चिकटवतं आणि विषय तिथंच संपतो. नव्या हलक्या रणगाड्याला त्याचं नाव दिल्यापासून तर व्हॉट्सअ‍ॅपवर काय वाट्टेल ते फिरतंय. एका संदेशात त्याने ल्हासा जिंकल्याचंही छातीठोकपणे लिहिलं होतं. ल्हासा राहिलं शेकडो मैल लांब. मानसरोवराच्या पूर्वेला मायुम खिंड आहे, तिथपर्यंत त्याची चौकी पोचली आणि तीच त्याची हद्द. अर्थात तेवढंही इतकं प्रचंड आहे की फुगवून सांगायची गरजच नाही.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. हा माणूस मुळात कोठावळा होता. शिधा, गाढवं, घोडी, दाणापाणी, कुठल्या खिंडीत बर्फ कधी पडतं याचा हिशेब, या गोष्टींवर त्याने सात वर्षं हिमालयात राज्य केलं. आणि शेवटी मेला तोही हाच हिशेब एकदा चुकल्यामुळे.

तो मूळचा कहलूरचा, म्हणजे आजच्या हिमाचलातल्या बिलासपूरचा. घर सोडून इकडेतिकडे चाकरी करत जम्मूच्या गुलाबसिंगाकडे लागला. रियासीच्या किल्ल्यावर साधा शिपाई. लडाखवर ग्रंथ लिहिणारा इंग्रज अधिकारी अलेक्झांडर कनिंगहॅम, त्याने नोंदवलेली गोष्ट अशी की किल्ल्यांवर शिध्याची भयंकर नासाडी होते हे याच्या लक्षात आलं, आणि ती कशी थांबवायची याची योजना त्याने थेट गुलाबसिंगापुढे ठेवली. गुलाबसिंग पैशाच्या बाबतीत किती चिकट होता हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला या शिपायाचं बोलणं पटलं नसतं तरच नवल. जोरावरला आधी रियासीची आणि मग जम्मूच्या उत्तरेकडच्या सगळ्या किल्ल्यांची रसद सोपवली गेली. पुढे तो किश्तवाडचा कारभारी झाला, वझीर म्हणवू लागला. किश्तवाड म्हणजे लडाखचं मागचं दार.

आता लडाखच का? दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे गुलाबसिंग रणजितसिंगाचा मांडलिक. दक्षिणेला लाहोर, पश्चिमेला शिखांचं काश्मीर, सतलजपलीकडे कंपनी सरकार. हातपाय पसरायला फक्त ईशान्य मोकळी होती. दुसरं म्हणजे पश्म. चांगथांगच्या पठारावरच्या शेळ्यांच्या अंगावर थंडीत जी मऊ आतली लोकर येते, तीच काश्मिरी शालींचा कच्चा माल. सतराव्या शतकातल्या तहापासून पश्चिम तिबेटची ही लोकर लडाखमार्गेच काश्मीरला जायची असा दंडक होता. लेह ज्याच्या हातात, त्याच्या हातात या व्यापाराची किल्ली.

१८३४ च्या उन्हाळ्यात चार-पाच हजार माणसं घेऊन तो किश्तवाडहून निघाला आणि भोटकोल खिंडीतून सुरू खोऱ्यात उतरला. ऑगस्टमध्ये सांकूला पहिली मोठी चकमक झाली. लडाखकडे खडी फौज अशी नव्हतीच. शेतकऱ्यांना बोलावून उभं केलेलं सैन्य, हातात धनुष्यबाण आणि तोड्याच्या (पेटत्या वातीच्या) थोड्या बंदुका. त्याने सुरू घेतलं, पुढे पश्कुम घेतलं. थंडी आली तशी मागे सरून लांगकार्त्सेच्या भागात त्याने छावणी ठोकली आणि हिवाळा काढला. हे नीट लक्षात ठेवा. *या वेळी तो थांबला होता.* वसंतात पुन्हा निघाला, लढाई जिंकली आणि लडाखचा ग्याल्पो (राजा) त्सेपाल नामग्याल बास्गोला तहासाठी सामोरा आला.

इथला एक प्रसंग कनिंगहॅमने दिलाय. जोरावरने राजाच्या मुलावरून सदका म्हणून पैशाची थैली ओवाळून दिली. मुलाला ही रीत माहीत नव्हती. त्याला वाटलं अपमान केला, त्याने सरळ तलवार उपसली. जोरावरच्या डोग्र्यांनीही (जम्मूकडच्या शिपायांनी) उपसल्या. म्हाताऱ्या राजाने मध्ये पडून गयावया केली म्हणून निभावलं. तह झाला तो असा: ५०,००० रुपये युद्धखर्च आणि वर्षाला २०,००० खंडणी.

बाल्टिस्तान आणि तिबेट पुढच्या प्रतिसादांत लिहितो. टंकायला वेळ लागतोय.

सायकलवाली_मीरा

वाचतेय. श्रीनगर-लेह रस्त्याने गेलेल्या सगळ्यांनी ही गावं पाहिलीत, फक्त कुणाला माहीत नसतं. कारगिल सोडलं की पश्कुम, मग मुलबेख, नामिका ला (ला म्हणजे खिंड), आणि बोधखर्बू. आपली बुलेटवाली मंडळी नामिका ला आणि फोटू लाच्या पाट्यांखाली फोटो काढतात आणि मधलं बोधखर्बू चहा पिऊन सोडून देतात. लडाखी फौज जमायची जागा होती ती.

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बंड्या_नागपूरकर

काका, तुमचं 'टंकायला वेळ लागतोय' हे मागच्या धाग्यावरही होतं. तो अजून अर्धाच आहे. (हलके घ्या.)

घाटमाथा

बंड्या, या वेळी पुरा करतो. 

तर लडाख एकदा घेऊन भागलं नाही. जोरावर परतला की तिथं बंड व्हायचं. सुरूमधल्या डोग्रा शिबंदीची कत्तल झाली, तेव्हा हा भर थंडीत खिंडी तुडवत परत गेला आणि बंडखोरांच्या शिरांना इनाम लावून त्याने खोरं थंड केलं. लेहमध्ये स्वतःचा किल्ला बांधला. तो आजही आहे, सैन्याच्या ताब्यात. मधल्या काळात उमासी ला ओलांडून झांस्करमधून लेहला जायची जवळची वाटही त्याने वापरात आणली. ही खिंड ५,३०० मीटरच्या आसपास आहे आणि वरती हिमनदी. आज ट्रेकिंगवाले दोर, गॉगल वगैरे घेऊन जातात तिथून.

मग बाल्टिस्तान. स्कर्दूचा राजा अहमदशाह. त्याचा थोरला मुलगा मुहम्मदशाह बापाशी भांडून जोरावरकडे आला, आणि ही संधी होतीच. १८३९ च्या शेवटी फौज सिंधूच्या काठाने निघाली. बाल्टींनी पूल तोडून टाकले. सिंधू ओलांडता येईना. मियाँ निधानसिंगाच्या हाताखाली पाठवलेली तुकडी पुढे सापडली आणि बहुतेक कापली गेली. इकडे शिधा संपत आला, बर्फ पडायला लागलं, आणि शिपाई खडकांच्या कपारीत कुडकुडत बसून राहिले. मोहीम तिथंच संपायची.

सुटका केली ती जोरावरचा सरदार मेहता बस्तीराम आणि दा गावचे दर्द लोक यांनी. (हेच ते ब्रोकपा, ज्यांना 'शुद्ध आर्य' म्हणून पर्यटक हल्ली छळतात.) बस्तीराम थोडी माणसं घेऊन काठाकाठाने जागा शोधत गेला. एके ठिकाणी दोन्ही काठांकडून नदी गोठत आली होती, मधला पट्टा तेवढा वाहता होता. दर्दांना या नदीची सवय. त्यांनी त्या पट्ट्यावर लाकडं आणि फांद्या टाकल्या आणि बाकी काम रात्रीच्या थंडीवर सोपवलं. पाणी लाकडांभोवती धरत गेलं, गोठत गेलं. पहाटे फौज बर्फावरून पार. बस्तीरामच्या माणसांपैकी अनेकांचे हातपाय त्या रात्री कामातून गेले.

१८४० मध्ये स्कर्दूचा खारपोचो किल्ला पडला. मुहम्मदशाहला गादीवर बसवलं, वर्षाला ७,००० रुपये खंडणी ठरली, आणि म्हाताऱ्या अहमदशाहला जोरावरने सोबत घेतलं. त्या बिचाऱ्याला पुढे तिबेटात नेलं, तिथं तो तिबेट्यांच्या कैदेत गेला आणि परत आलाच नाही.

कागदी_घोडा

लेख चांगला आहे पण थोडं पाणी टाकतो.

हे सगळं आपल्याला कुठून कळतं? मुख्यतः कनिंगहॅमच्या १८५४ च्या लडाखवरच्या ग्रंथातून. आणि त्याला कुणी सांगितलं? याच बस्तीरामने. म्हणजे बर्फाच्या पुलाचा नायक कोण हे बस्तीरामनेच सांगितलंय. लडाखी राजांची बखर वेगळ्या सुरात बोलते. 'शत्रूची बावीस हजार फौज' असे जे आकडे डोग्रा बाजूने येतात ते तर मुळीच धरू नयेत. अख्ख्या लडाखची लोकसंख्या बघता एवढे लढणारे आणणार कुठून?

दुसरं, क्रूरपणा तुम्ही एका वाक्यात उरकलात. चिगतनच्या रहीम खानाचं काय झालं तेही लिहा. बंडाचा म्होरक्या म्हणून स्कर्दूला भर जमावासमोर त्याचा हात, नाक, कान, जीभ कापली. लोकांना ते बघायला मुद्दाम जमवलं होतं. तिबेटात जोरावरचा सरदार गुलाम खान याच्या तुकडीने वाटेतले मठ फोडले, मूर्ती गाळल्या. आणि लडाखचं राजघराणं? शेकडो वर्षांचं राज्य गेलं, स्तोक गाव जहागीर म्हणून उरलं. आपल्याकडे अहमदशाह म्हटलं की अब्दालीच आठवतो, त्यामुळे स्कर्दूच्या अहमदशाहबद्दल कुणाला वाईट वाटत नाही, ते सोडा.

सगळ्याला 'भारताच्या सीमा रुंदावल्या' असं नाव देणं मला जमत नाही. त्या वेळी ना लडाखींना भारत ठाऊक होता, ना जोरावरला. जम्मूचा एक सरदार धन्यासाठी मुलूख मारत होता.

घाटमाथा

कागदी, यातल्या कशालाच माझी हरकत नाही. 'सीमा रुंदावल्या' असं मी कुठंही लिहिलेलं नाही, ते व्हॉट्सअ‍ॅपचं माझ्या नावावर टाकू नका. बस्तीरामबद्दल मात्र एवढंच की तो पराभवही लपवत नाही. निधानसिंगाची तुकडी कशी गेली, शेवटी तिबेटात काय हाल झाले, हे त्यानेच सांगितलं. खोटं बोलायचं असतं तर तिथं बोलला असता.

आर्या_ज

भाबडा प्रश्न. लडाख समजलं, बाल्टिस्तान समजलं. पण तिबेट कशाला? गूगल मॅपवर बघितलं, मैलोन्मैल काहीच नाहीये हो तिथं! १८४१ मध्ये कोण जातं?

घाटमाथा

भाबडा नाही, हाच खरा प्रश्न आहे. उत्तर पुन्हा शेळीच्या अंगावर.

लेह घेतल्यावर लोकरीचा व्यापार गुलाबसिंगाच्या मुठीत यायला हवा होता. झालं उलटं. लढाया, बंडं, जकाती यांना कंटाळून तिबेटचे व्यापारी आपला माल लेहला आणायच्या ऐवजी सतलजच्या वाटेने बुशहर संस्थानातल्या रामपूरला न्यायला लागले. तो मुलूख इंग्रजांच्या छत्राखाली. कंपनीला हेच हवं होतं. कंपनीचा अधिकारी विल्यम मूरक्रॉफ्ट १८२० नंतर दोन वर्षं लेहमध्ये तळ ठोकून बसला होता, लडाखच्या राजाने कंपनीचं मांडलिक व्हायची तयारीही त्याच्याकडे दाखवली होती, आणि कलकत्त्याने ती नाकारली. लडाखवर पाणी सोडलं तरी लोकर आपसूक यायला लागली, मग काय हवं? जोरावरने हिशेब मांडला: लोकर लेहला येत नसेल तर लोकर जिथं निघते तो मुलूखच घ्यायचा. रुदोक, गारतोक, पुरंग. शिवाय जुन्या काळी हा भाग लडाखच्याच राज्यात होता असा दावा करायला जागा होती.

हा विचार त्याचा जुना. १८३६ मध्येच त्याने रणजितसिंगाकडे परवानगी मागितली होती. चीनच्या बादशहाशी वैर नको म्हणून रणजितसिंगाने नाही म्हटलं. १८३९ मध्ये रणजितसिंग वारला, लाहोरला खून-खराबा सुरू झाला आणि जम्मूवाल्यांना विचारणारं कुणी राहिलं नाही. तिकडे चीन अफूच्या युद्धात अडकलेला. इंग्रज अफगाणिस्तानात रुतलेले. वेळ याहून चांगली येणार नव्हती.

मे १८४१ मध्ये पाच-सहा हजार माणसं लेहहून निघाली, त्यात डोग्रे होते, लडाखी होते, बाल्टी होते. तीन वाटांनी. जोरावर स्वतः पँगाँगच्या बाजूने रुदोकवर, गुलाम खान हानलेकडून, आणि लडाखी सरदार नोनो सोनम सिंधूच्या काठाने. रुदोक पडलं, गारतोक पडलं. तिबेट्यांची त्या भागात फौज अशी नव्हतीच. सप्टेंबरच्या सुरुवातीला तकलाकोट. तीन-साडेतीन महिन्यांत सगळा पश्चिम तिबेट हातात आला होता, कैलास-मानससकट.

आणि सप्टेंबरात, म्हणजे परतायची वेळ असताना, हा थांबला. तीर्थपुरीला मुख्य ठाणं, तकलाकोटजवळ चि-तांगचा किल्ला बांधून बस्तीरामला तिथं ठेवला, मायुमकडे चौकी. लेह इथून ७०० किलोमीटरच्या वर. लांगकार्त्सेला हिवाळ्यात थांबला होता तेव्हा पाठीशी घेतलेलं खोरं होतं, धान्य होतं. इथं पाठीशी काय? वारा.

तिकडे इंग्रज खवळले, कारण तकलाकोट घेतल्याने डोग्रे थेट नेपाळच्या आणि कुमाऊंच्या सीमेवर आले. लाहोर दरबाराला त्यांनी बजावलं की १० डिसेंबर १८४१ पर्यंत गारतोक रिकामं करा. रिकामं होतंय का ते बघायला जोसेफ कनिंगहॅमला (आपल्या अलेक्झांडरचा भाऊ) सीमेवर पाठवलं.

तेवढी वाट बघायला तिबेटी तयार नव्हते. मंत्री झुरखांगच्या हाताखाली ल्हासाहून मोठी फौज निघाली आणि बर्फातून मायुमची चौकी बाजूला टाकून मात्सांगच्या वाटेने सरळ तकलाकोटच्या डोक्यावर आली. जोरावरने सोनमला तीनशे माणसं देऊन पाठवलं, तुकडी कापली गेली. मग सोनम आणि गुलाम खान यांना सहाशे देऊन, तीही गेली. मग स्वतः निघाला. तकलाकोटच्या अलीकडे तोयोच्या मैदानात १० डिसेंबरला अखेरची लढाई जुंपली. १२ तारखेला त्याच्या उजव्या खांद्यात गोळी घुसली, घोड्यावरून पडला, डाव्या हातात तलवार घेतली, आणि तिबेटी भाल्याने संपला.

निवृत्त_हवालदार

उत्तरेकडच्या चौक्यांवर सेवा झाली आहे, म्हणून थोडं लिहितो.

लोक विचारतात की एवढी कसलेली फौज तीन दिवसांत कशी मोडली. थंडीत हात बधिर झाला की माणसाचं काय होतं हे बघितलेलं नसतं. त्या काळची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, गजाने ठासायची, कानात रंजक (पेटवायची बारीक दारू) घालायची, मग तोडा. यातलं प्रत्येक काम बोटांच्या टोकांचं. हातमोजे घालून होत नाही, काढून दोन मिनिटं काम केलं की बोटं ऐकत नाहीत. कनिंगहॅम म्हणतो की शेवटच्या दिवशी निम्म्या माणसांनाही शस्त्र धरता येत नव्हतं, आणि त्याआधी त्यांनी बंदुकांचे दस्ते जाळून हात शेकले होते. दस्ता जाळणारा शिपाई मूर्ख नसतो. त्या भागात झाड नाही. याकचं वाळलेलं शेण हेच सरपण, आणि ते गोळा करणारे गावकरी तुमच्या विरोधात.

घाटमाथासाहेबांच्या शेवटच्या भागाशी मात्र थोडा असहमत. थंडी तिबेट्यांनाही होतीच. जोरावरची खरी चूक तुकड्या-तुकड्यांत फौज खर्ची घालण्याची. तीनशे, मग सहाशे, मग उरलेले. पहिल्याच दिवशी सगळे घेऊन तकलाकोटवर गेला असता तर निदान बस्तीरामला बाहेर काढून खाली कुमाऊंकडे उतरता आलं असतं.

जम्मू-काश्मीर रायफल्सकडे, म्हणजे गुलाबसिंगाच्याच जुन्या पलटणींच्या वारसांकडे, या मोहिमेत मिळवलेलं तिबेटी निशाण आजही जपून ठेवलं आहे. मानतलाई निशाण म्हणतात. मानतलाई म्हणजे मानसरोवरच.

कागदी_घोडा

हवालदारसाहेब, उत्तम. एक बारीक दुरुस्ती कनिंगहॅमची: तो रणभूमी १५,००० फुटांवर असल्याचं लिहितो. तकलाकोट प्रत्यक्षात ४,००० मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण १३,००० फूट. बोटं गळायला तेवढेही पुरेत, पण आकडा सगळीकडे तसाच उतरवला जातो.

दख्खनचा_बाज

हे तर पानिपतच झालं की! दूर गेलेली फौज, रसद तुटलेली, थंडी, उपासमार, आणि सेनापती गोळी लागून पडतो.

कागदी_घोडा

आलंच का पानिपत. प्रत्येक धाग्यावर कधी येतं याचीच वाट बघत असतो मी. भाऊंच्या छावणीत बुणगे आणि यात्रेकरू धरून लाखाच्या घरात तोंडं होती, जोरावरकडे पाच-सहा हजार लढणारे. जमीन वेगळी, शत्रू वेगळा. तुलनाच करायची तर त्याच हिवाळ्यातली करा: जोरावर पडला १२ डिसेंबरला, आणि जानेवारी १८४२ च्या पहिल्या आठवड्यात काबूलहून निघालेली इंग्रजी फौज जलालाबादच्या वाटेवर बर्फात संपली. जवळजवळ एकटाच वाचलेला डॉक्टर ब्रायडन घोड्यावरून पोचला ती हीच. कलकत्त्याच्या टेबलावर दोन्ही बातम्या काही आठवड्यांच्या अंतराने पडल्या असतील.

दख्खनचा_बाज

बरं बाबा. तुलना मागे घेतली नाही, खिशात ठेवली.

मानससखी

मी लिपुलेख खिंडीमार्गे कैलास-मानसला जाऊन आलेय. धारचुला, गुंजी, मग लिपुलेख उतरलं की पहिलं मोठं गाव तकलाकोट. आमच्या तुकडीत मराठी मंडळी भरपूर होती, आणि 'जोरावरसिंगाची समाधी' हे ऐकून होते दोघं-तिघं. तोयो तकलाकोटपासून जवळच आहे. शेतं, मातीची घरं आणि त्यात दगडमातीचा चोर्तेन (बौद्ध स्तूप). फलक नाही, काही नाही. शेताच्या बांधावर एक बाई मटार निवडत बसली होती, तिने न विचारताच बोट दाखवलं. आमच्यातल्या एका काकांनी शिवाजी महाराजांचा जयजयकार करायला सुरुवात केली, त्यांना गाइडने घाईघाईने गप्प केलं.

शत्रूचा चोर्तेन गावकऱ्यांनी का बांधला असेल, हे मला तिथं कळेना. वाचल्यावर कळलं. १९०५ मध्ये अल्मोड्याचा डेप्युटी कमिशनर चार्ल्स शेरिंग तिकडे गेला होता, त्याने स्थानिक कथा टिपून ठेवल्यात. याला साधी गोळी लागत नाही, म्हणून सोन्याची गोळी करावी लागली म्हणे. मेल्यावर लोकांनी त्याच्या अंगाचे केस उपटून नेले, मांसाचे तुकडे घराघरांत टांगले, कारण एवढ्या बळाच्या माणसाचा अंश घरात असला की घराला बळ येतं. भीती आणि भक्ती यांच्यात तिकडे फारसं अंतर ठेवत नसावेत.

आर्या_ज

बाप रे. मांसाचं वाचून जेवण राहिलं बाजूला. पण मग बस्तीरामचं काय झालं? त्याच्याच तोंडून सगळं कळलं म्हणजे तो वाचला असणार.

घाटमाथा

वाचला. चि-तांगचा किल्ला त्याने काही दिवस धरून ठेवला, मग उरलेले दोन-अडीचशे लोक घेऊन जानेवारीत बर्फाच्या खिंडीतून कुमाऊंमध्ये उतरला. इंग्रज अंमलदारांनी त्यांना आसरा दिला. बऱ्याच जणांची हातापायांची बोटं गळून गेली होती. नंतर हाच बस्तीराम लेहचा ठाणेदार झाला, आणि तिथंच कनिंगहॅमला भेटला.

तिबेटी जिंकून थांबले नाहीत. १८४२ च्या वसंतात लडाख पुन्हा उठला, तिबेटी फौज लेहवर चालून आली. गुलाबसिंगाने दिवाण हरिचंद आणि वझीर रतनूला ताजी फौज देऊन पाठवलं. तिबेटी मागे सरून तांगत्सेजवळ ओढ्याकाठी मोर्चे बांधून बसले. डोग्र्यांनी हल्ला करायच्या ऐवजी पाणीच अडवलं. पाणी तुंबलं, छावणी बुडाली, बाहेर पडणं भाग होतं. तिबेटी सेनापतीला पकडून मारलं, जोरावरचा सूड म्हणून.

सप्टेंबर १८४२ मध्ये चुशूलला तह झाला. जुन्या सीमा कायम, एकमेकांच्या कामात ढवळाढवळ नाही, चहा आणि शालीच्या लोकरीचा व्यापार पूर्वीसारखाच लडाखमार्गे. बघा, शेवटी कागदावर उतरलं काय? लोकर. ज्यासाठी पाच-सहा हजार माणसं पाठवली, ते कलम मिळालं, मुलूख नाही मिळाला. मग १८४६ मध्ये अमृतसरच्या तहात गुलाबसिंगाने ७५ लाखांना काश्मीर घेतलं तेव्हा लडाख त्याच्याच पदरात होता. 'जुन्या सीमा' म्हणजे नेमक्या कोणत्या, हे मात्र तहात कुणीच आखून ठेवलं नाही. चुशूलचं नाव १९६२ मध्ये परत आलं ते रेझांग लाच्या लढाईसाठी, आणि २०२० पासून तिथं दोन्ही बाजूंचे कमांडर चर्चेला बसतात.

बंड्या_नागपूरकर

काका, धागा पुरा केलात. मान गये. आता बायकोला सांगतो की पश्मिना महाग का.

मानससखी

आणि कैदी? शेकडो लोक तिबेटात राहिले असतील ना, त्यांची सुटका झाली का कधी?

कागदी_घोडा

झाली, पण कशी ते गमतीदार आहे. नेपाळ आणि तिबेटचं १८५५-५६ मध्ये युद्ध झालं. नेपाळचा सर्वेसर्वा जंगबहादूर राणा. मार्च १८५६ मध्ये थापाथलीचा तह झाला, त्यात एक कलम आहे की तिबेटने आपल्याकडचे 'शीख' युद्धकैदी गुरख्यांच्या सरकारच्या हवाली करावेत. म्हणजे जोरावरचे लोक. जम्मूने नाही, लाहोरने नाही (लाहोर तोवर इंग्रजांनी गिळलेलं), नेपाळने सोडवले, चौदा-पंधरा वर्षांनी.

सगळे परतले असंही नाही. बरेच जण तिथंच लग्नं करून राहिले. ल्हासामध्ये 'सिंगपा खाचे' नावाचा मुसलमानांचा छोटा समाज होता, तो या फौजेतल्या कैद्यांचा वंश सांगतो. 'सिंगपा' म्हणजे सिंगाची माणसं. जोरावरच्या फौजेत बाल्टी आणि काश्मीरकडचे मुसलमान शिपाई होते, ते तिथं बायका करून स्थिरावले. १९५९ नंतर त्यांच्यातले काही भारतात आले. घाटमाथा, यावर तुम्ही लिहिणार असाल तर वेगळा धागा काढा, इथं नको. हा वाहून जाईल.

घाटमाथा

काढतो. पण आधी नागपूरकरांचा तो जुना अर्धा धागा पुरा करतो, नाहीतर ते सोडणार नाहीत.